ओशचे माग

ताश्कंद

ताश्कंदच्या विमानतळावर मला पहिला प्रश्न विचारला गेला तो तापाचा. पासपोर्टवर ‘सुरत’ वाचून पांढऱ्या डगल्यातल्या एका बाईंच्या कपाळाला आठी पडली. ‘चुमा?’ असं काहीतरी म्हणून त्यांनी माझ्या काखेत थर्मामीटर दिला. चुमा म्हणजे प्लेग, हे मागाहून कळलं. आमच्याकडची साथ सरून दोन वर्षं झाली होती, शहर पूर्वी कधी नव्हतं इतकं स्वच्छ झालं होतं, पण बदनामी माणसाच्या आधी पोचते. ताप निघाला नाही. बाईंनी थर्मामीटर झटकला आणि मला जाऊ दिलं.

मी हौसेनं देश बघायला निघालेला माणूस नव्हे. मी मागांचा मास्टर. सुरतेच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये माग बसवणारा आणि बिघडला की दुरुस्त करणारा. मूळचा अमळनेरकडचा. वडील खानदेशातल्या एका कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम होते. ती मिल बंद पडली तेव्हा आम्ही सुरतेच्या गाडीत बसलो आणि नवागामच्या एका खोलीत सामान ठेवलं, ते आजतागायत तिथेच आहे.

आमच्या शेठचं नाव हर्षदभाई. त्यांचं ऑफिस पर्वत पाटियाकडे. त्यांना कुणीतरी सांगितलं की रशिया फुटल्यापासून तिकडच्या मिली एकेक करून बंद पडताहेत, आणि धोट्याशिवाय झपाट्यानं विणणारे मोठे माग स्वस्तात मिळताहेत. एका व्यापाऱ्याकडून त्यांनी किर्गिझस्तानातल्या ओश नावाच्या गावची मिल हेरली आणि मला म्हणाले, मास्टर, तुम्ही बरोबर चला, माग जिवंत आहे की मेलेला हे मला कळणार नाही. घरी सांगितलं तर बायकोला देशाचं नाव उच्चारता येईना. ती एवढंच म्हणाली, “तठे थंडी ऱ्हास म्हने. मन्हा भाऊनं सेटर ली जा.” मेव्हण्याचं ते स्वेटर मला ढगळ होत होतं, पण पुढे त्यानंच मला तगवलं.

ताश्कंद मात्र मला एकदम आवडलं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी उंच झाडं आणि झाडांच्या बुंध्याशी दगडी पाटातून वाहणारं पाणी. भर शहरात पाट वाहतोय आणि त्यात कुणी कचरा टाकत नाही, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. चौकात नवे झेंडे लावलेले. मोठ्या चौकातला लेनिनचा पुतळा काढून तिथे पृथ्वीचा गोल बसवला होता आणि त्या गोलावर एकाच देशाचा नकाशा, उझबेकिस्तानचा.

हॉटेलात पहिल्याच जेवणाला फजिती झाली. शेठ शाकाहारी. तिथली भाषा कानाला अर्धी ओळखीची वाटते. दोस्त, बाजार, दरवाजा, पियाज हे शब्द थोड्याफार फरकानं तेच. त्या धीरावर मी वाढणाऱ्या बाईला म्हटलं, ‘सब्जी’. तिनं मान हलवली आणि बशीभर किसलेलं गाजर आणून ठेवलं. मी पुन्हा म्हटलं, सब्जी. तिनं आणखी गाजर आणलं. त्यांच्या भाषेत सब्जी म्हणजे गाजरच. शेठनी ते गाजर घरून आणलेल्या थेपल्याबरोबर निमूटपणे खाल्लं.

आमची दुभाषी निगोरा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिशीतली, ताश्कंदचीच, शाळेपासून हिंदी शिकलेली. ती हिंदी शिकवायची, पण पगार वेळेवर मिळेना म्हणून व्यापाऱ्यांबरोबर फिरू लागली होती. तिची हिंदी इतकी शुद्ध, की ‘कृपया आसन ग्रहण कीजिए’ म्हणाल्यावर शेठना क्षणभर आपण कीर्तनाला आलोय असं वाटलं. तिला गाजराची गोष्ट सांगितली तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या सबंध प्रवासात तिला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

घाट आणि खोरं

ताश्कंदहून ओशला मोटारीनं निघालो. मध्ये कामचिकचा घाट लागतो. सुरत-धुळे रस्त्यावरच्या कोंडाईबारीला मी आजवर मोठा घाट समजत होतो. इथे वर चढता चढता झाडं संपली, मग गवत संपलं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच वळणांवर बर्फ दिसू लागला. माल भरलेले ट्रक धापा टाकत चढत होते. शेठ डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होते. माथ्यावर उतरून मी बर्फ हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच. मेव्हण्याच्या स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून मी उभा राहिलो आणि खाली बघितलं.

खाली फरगाण्याचं खोरं होतं. चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर आणि मधे परातीसारखी सपाट, हिरवी-पिवळी जमीन. डोंगरांचं वितळलेलं पाणी नद्यांतून उतरतं, कालव्यांतून फिरतं आणि सगळं कापसाला जातं. निगोरा म्हणाली, इतकं जातं की नद्या आता शेवटच्या समुद्रापर्यंत पोचतच नाहीत; त्या टोकाला समुद्र आटत चाललाय. तिनं हे तक्रारीसारखं सांगितलं नाही, घरातलं दुखणं सांगावं तसं सांगितलं.

उतरलो तर दुतर्फा कापूसच कापूस. वेचणी चालू होती. वेचणारे मात्र मजूर वाटेनात. चांगल्या कपड्यांतली कॉलेजची मुलंमुली होती, कमरेला ओटी बांधून वाकलेली. तिथे या दिवसांत शाळा-कॉलेजं रिकामी करून सगळ्यांना कापसावर पाठवतात. ही पद्धत जुन्या राजवटीची. राजवट गेली, पद्धत राहिली. निगोराही विद्यार्थिनी असताना महिना-महिना वेचणीला जायची. मी गाडी थांबवायला लावली, एक बोंड तोडून बघितलं. रुईचा धागा आखूड नव्हता, चांगला होता. वेचणाऱ्या एका मुलीची बोटं बघितली. आमच्या आईच्या बोटांना असायचे तसेच बोंडाच्या टोकांचे ओरखडे.

या खोऱ्याची गंमत म्हणा की दुर्दैव, ते तीन देशांत वाटलेलं आहे. उझबेक, किर्गिझ आणि ताजिक. पूर्वी मॉस्कोत बसून नकाशावर रेषा काढल्या तेव्हा त्या रेषांना काही अर्थ नव्हता. देश एकच होता. कापूस एका बाजूला पिके, सूत दुसऱ्या बाजूला निघे, कापड रशियात जाई. मी निगोराला आमच्या नवापूर स्टेशनचं सांगितलं. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट एका राज्यात काढा, चहा दुसऱ्या राज्यात प्या. ती म्हणाली, “आमचंही तसंच होतं. मग एके दिवशी सकाळी उठलो तर नवापूरच्या मधे शिपाई उभा होता.”

सीमेवरची चौकी म्हणजे रस्त्यावर आडवा दांडा, रंग अजून ओला वाटावा इतका नवा, आणि एक पत्र्याची खोली. अलीकडे एक चलन, पलीकडे दुसरं. एक म्हातारी टरबूज घेऊन पलीकडे लेकीकडे निघाली होती, तिला शिपायानं पिशवी उघडायला लावली. म्हातारी त्याला काहीतरी बोलली आणि तो तरणा शिपाई लाजला. निगोरानं अर्थ सांगितला: तुझी आई माझ्याच आळीत नांदायला आली, आणि तू मला विचारतोस कुठली म्हणून?

ओश

ओश गावाच्या मधोमध एक उघडा खडकाळ डोंगर आहे. त्याला सुलेमानाचा डोंगर म्हणतात, लोक नवस फेडायला चढतात. खालून नदी खळाळत जाते आणि तिच्या काठानं बाजार पसरलेला. गरम तंदुरी रोट्या, ढीगभर डाळिंबं, सुकी जर्दाळू, मेंढीच्या चरबीचा वास. उंच पांढऱ्या नक्षीदार टोप्या घातलेले किर्गिझ, काळ्या चौकोनी टोप्यांचे उझबेक. दोघं शेजारी शेजारी दुकान मांडून बसलेले. काही वर्षांपूर्वी याच दोघांत मोठी दंगल झाली होती. त्याबद्दल कुणी आपणहून बोलत नव्हतं. मीही विचारलं नाही. आमच्या सुरतेतही ते होऊन गेलेलं होतं आणि त्याबद्दल परक्यानं विचारलेलं आम्हाला आवडत नाही.

उझबेकांपेक्षा किर्गिझ सरकार मोकळं, असं निगोरा दबक्या आवाजात म्हणाली. इथे वर्तमानपत्रवाले सरकारला बोल लावू शकतात. पण बोल लावल्यानं पगार होत नाही. मिली सरकारी होत्या, त्या खासगी करायच्या ठरल्या. प्रत्येक कामगाराला मिलच्या मालकीचा हिस्सा म्हणून कागद मिळाले. हिवाळा आला, लोकांनी ते कागद पिठाच्या पोत्यांवर देऊन टाकले. आता कागद ज्याच्याकडे जमले तो मिलचा डायरेक्टर होता.

डायरेक्टरनं आमचं स्वागत केलं आणि शेडकडे नेलं. मी वाटेतच मनाशी ठरवत होतो, गंज किती असेल, पट्टे कुजले असतील का, कबुतरांनी काय केलं असेल. बंद मिल कशी असते ते मी लहानपणी पाहिलं होतं. दार उघडलं आणि मी थबकलो.

फरशी धुतलेली होती. काचा पुसलेल्या. आणि मागांच्या रांगांमधून निळे झगे घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका आपापल्या मागाजवळ उभ्या होत्या. मिल बंद होऊन दोन हिवाळे गेले होते. ‘हिंदुस्थानातून पाहुणे येणार’ एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं, तेवढ्यावर त्या आल्या होत्या. डायरेक्टरचा चेहरा उतरला. त्यानं त्यांना बोलावलं नव्हतं.

बायकांच्या पुढे एक पन्नाशीची, रुंद खांद्यांची, सोन्याचे दात असलेली बाई होती. ती विणकाम खात्याची मुख्य, मावलुदा. सगळ्या तिला मावलुदा-ओपा म्हणत. ओपा म्हणजे मोठी बहीण. तिनं मला ‘आका’ म्हटलं. आमच्याकडे अक्का म्हणजे मोठी बहीण, तिकडे आका म्हणजे मोठा भाऊ. गाव विचारलं, मी म्हटलं, सुरत. सगळ्या बायका एकदम रुमाल सारखे करून ओळीनं उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. त्यांच्या भाषेत सुरत म्हणजे फोटो. शेठकडे कॅमेरा होता, मागांचे फोटो काढायला आणलेला. त्यांनी एक फोटो बायकांचा काढला.

मग मावलुदा-ओपानं बटण दाबलं. त्या दिवसापुरती वीज तिनं कुठूनशी मिळवली होती. एक माग सुरू झाला, मग शेजारचा, मग आणखी काही. तो आवाज मी कसा सांगू? मागाच्या आवाजावरून त्याची तब्येत कळते. हे माग निरोगी होते. बंद मिलमधले माग इतके निरोगी असूच शकत नाहीत. कुणीतरी ते पुसत होतं, तेल देत होतं, पगाराशिवाय.

एका तरुण बाईनं शेठना काहीतरी विचारलं. निगोरानं हिंदी केलं: मिल कधी सुरू होईल? शेठ म्हणाले, देखेंगे. निगोरा त्यावर जरा जास्तच बोलली आणि बायकांचे चेहरे उजळले. गाडीत मी तिला विचारलं, तू काय सांगितलंस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, पाहुणे विचार करताहेत, एवढंच.

हॉटेलवर मी शेठपाशी विषय काढला. माग इथेच चालवले तर? कापूस शेजारी, बाया तयार. त्यांनी मला हसून झटकलं नाही, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मास्टर, आपणने मशीन जोईए, मिल नहीं. कापूस सीमेपलीकडे, गिऱ्हाईक रशियात, वीज डायरेक्टरच्या मर्जीवर. मी सुरतचा छोटा माणूस.” त्यात खोटं काहीच नव्हतं.

मावलुदा-ओपाचं अंगण

तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. शेठनी पोटाचं कारण सांगितलं. मी आणि निगोरा गेलो.

मातीच्या भिंतींचं घर, आत द्राक्षाच्या वेलीखाली अंगण, अंगणात मोठ्या पलंगासारखी बैठक. वर गाद्या, मधे कापड अंथरून त्यावर रोट्या, डाळिंबं, अक्रोड. तिचा नवरा याच मिलमध्ये रंगाई खात्यात होता. आता परसातले टोमॅटो बाजारात विकायचा. मोठ्या लोखंडी कढईत तोच पलाव रांधत होता. पाहुण्यांसाठी पलाव पुरुषांनीच करायचा, अशी रीत. मी सांगितलं, आमच्याकडेही हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी असते तेव्हा वांगी पुरुष भाजतात, बाया बसून खातात. तो खूश झाला आणि त्यानं माझ्यासमोर चरबीचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला. मी तो कसाबसा गिळला.

त्यांचा मुलगा सैबेरियात, तेलाच्या विहिरींवर कामाला गेलेला. आळीतल्या प्रत्येक घरातला एक तरी गेलेला. मी म्हटलं, आमच्या गावातही असंच. कुणाचा मुलगा कुठे आहे हे विचारायचंच नसतं, सुरतच. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही ते गाव आहात जिथे मुलं जातात. मी हो म्हटलं.

चहाची तिथली पद्धत उलटी. आपल्याकडे कप काठोकाठ भरणं म्हणजे आदर. तिथे वाटीत घोटभरच ओततात, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा मागावा आणि पुन्हा वाढायचं सुख यजमानाला मिळावं. वाटी पूर्ण भरली, तर समजायचं, आता निघा. हे निगोरा मला समजावून सांगत होती तेवढ्यात मावलुदा-ओपानं विचारलं, आका, तुम्ही मागांवरून हात फिरवत होतात ते मी बघितलं. तुम्ही कामाचे माणूस. सुरू कराल तेव्हा जुन्या बायांना आधी घ्याल ना?

निगोरानं हिंदी केलं आणि माझ्याकडे न बघता ती अक्रोड फोडू लागली. मी तिला म्हटलं, “निगोराताई, या वेळी मी म्हणेन तेच सांग.”

मग मी मावलुदा-ओपाकडे बघून म्हणालो, “ओपा, मिल सुरू होणार नाही. आम्ही माग न्यायला आलोय.”

निगोरानं आणखी एक अक्रोड फोडला. मी वाट बघितली. शेवटी तिनं अगदी थोड्या शब्दांत सांगितलं. नवऱ्याच्या हातातला झारा कढईच्या काठावर टेकला. मावलुदा-ओपानं गादीची एक सुरकुती सारखी केली. मला वाटलं आता उठावं. तिनं किटली उचलली, माझी वाटी ओढली. मी वाटीकडेच बघत होतो. तिनं घोटभरच चहा ओतला.

किटली खाली ठेवून ती म्हणाली, “मग परक्या माणसांना हातोडे घेऊन आत सोडू नका. ते आम्ही बसवलेत. उघडायचे तर आम्हीच उघडू.”

माग उघडताना

शेठनी ते लगेच मान्य केलं. मजुरी ठरली आणि ते सौदा पुरा करून सुरतेला परत गेले. मी आणि निगोरा मागे राहिलो.

मी खूप माग उघडलेत, पण इतक्या शांतपणे कधी नाही. सकाळी बायका यायच्या, झगे चढवायच्या, मधे रोटी आणि चहा, पुन्हा काम. एक भाग निघाला की पुसायचा, ग्रीस लावायचं, कागदात गुंडाळायचा. भाषेची गरज पडेना. पाना हवा असला की हात पुढे करायचा. पहिल्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एकीनं माझ्या स्वेटरच्या लोंबणाऱ्या बाह्या दुमडून टाके घालून दिले.

एका मागावर मिल बंद झाली त्या दिवसापासून उभ्या धाग्यांचा ताणा तसाच होता, अर्धवट विणलेला. मी कात्री आणली. मावलुदा-ओपानं माझा हात धरला आणि मान हलवली. ती डायरेक्टरकडे जाऊन एक दिवसाची वीज मागून आली. तिनं तो ताणा शेवटपर्यंत विणला. बाकीच्या बायका काम सोडून भोवती उभ्या राहिल्या. दुपार सरेपर्यंत एकच माग चालत होता आणि त्या एवढ्या मोठ्या शेडमध्ये त्याचा आवाज कोपऱ्यात जाऊन परत येत होता. ताणा संपला, माग थांबला. साधं पांढरं सुती कापड, अस्तराला लावतात तसलं. त्यांनी ते हातानं मोजून सारखं फाडलं आणि प्रत्येकीनं आपला तुकडा घडी घालून पिशवीत ठेवला. त्यानंतर तोही माग आम्ही उघडला.

रिकाम्या शेडमध्ये फरशीवर मागांच्या पायांचे चौकोन तेवढे उरले. मावलुदा-ओपानं झाडू मागवला.

चौकी

माल अंदीजानच्या रेल्वे स्टेशनवर जायचा, तिथून इराणच्या बंदरात, मग बोटीनं मुंबईला. अंदीजान ओशहून तासाभराच्या अंतरावर, पण सीमेपलीकडे. ट्रक चौकीवर पोचले आणि थांबले.

कुणाची चूक, असं बोट दाखवता येणार नाही. नियम नवे, शिक्के नवे, आणि दोन्हीकडचे साहेब नव्या खुर्चीवर बसलेले. हे माग एका देशाच्या पैशानं आलेले, दुसऱ्या देशात बसवलेले आणि आता तो पहिला देशच नकाशावर नाही. मग माल नक्की कुणाचा, आणि जकात कुणी घ्यायची? प्रश्न ताश्कंदला गेला, तिथून किर्गिझांच्या राजधानीला, बिश्केकला. शेठचे फोन चालू होते. ट्रकवाल्यांना थांबणं परवडेना, त्यांनी माल चौकीमागच्या उघड्या आवारात उतरवला आणि ते गेले.

माझा व्हिसा संपत आला. मी परत निघालो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. आवाराजवळ गाडी थांबवून उतरलो. वरची ताडपत्री एका बाजूनं सुटून फडफडत होती. आत जायची परवानगी नव्हती. तोच तरणा शिपाई होता, म्हातारीला बघून लाजलेला. निगोरा त्याच्याशी बोलली. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि कुंपणाचं दार ढकललं. त्यानं आणि मी दोरी ओढून ताडपत्री बांधली. गाठ मारता मारता बर्फ पडायला लागला. घाट बंद व्हायच्या आत माथा गाठायचा म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, आणि मी निघालो.

परतल्यावर

सुरतेत आलो तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात होता. चलथाणच्या साखर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर रस्ते अडवत होते. लोक विचारायचे, काय बघून आलात? मी बर्फाचं सांगायचो, गाजराचं सांगायचो. नवागामातली म्हातारी माणसं मात्र मिलचं विचारायची आणि ऐकता ऐकता मान खाली घालायची. त्यांच्यातले बरेच जण तसल्याच एखाद्या मिलच्या दारातून बाहेर पडून इथे आलेले.

मागांची परवानगी संक्रांतीला येणार, मग होळीला येणार असं चाललं. शेवटी एके दुपारी शेठच्या ऑफिसात निगोराचा फोन आला. शेठनी बराच वेळ ऐकलं, ‘ठीक आहे’ म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

तिनं सांगितलं ते असं. थंडीत ताडपत्री फाटली. माग बर्फाखाली उघडे पडलेत हे मावलुदा-ओपाच्या कानावर गेलं. ते माग आता तिचे नव्हते, आमचेही अजून झाले नव्हते. तरी ती ग्रीसचा डबा घेऊन बसनं चौकीवर गेली. त्या शिपायानं तिला एकदा आत सोडलं. बोटं बधिर होईपर्यंत जेवढे हाताला लागले तेवढे भाग तिनं पुसले. दुसऱ्या वेळी गेली तेव्हा शिपाई बदललेला होता. तिला कुंपणावरून परत पाठवलं. वसंतात आवार मोकळं करायचा हुकूम निघाला. माग लोखंड म्हणून वजनावर गेले. ट्रक डोंगर ओलांडून चीनच्या बाजूला गेले, एवढं निगोराला माहीत होतं.

लाइनवर खरखर होत होती. मी विचारलं, ओपा कशी आहे? निगोरा म्हणाली, बाजारात बसते, नवऱ्याबरोबर. मग म्हणाली, “तिनं तुम्हाला एक विचारायला सांगितलंय, म्हणूनच मी मुद्दाम फोन केला. तिला काळजी लागून राहिली आहे. माग पोचले नाहीत म्हणून तुमची नोकरी तर गेली नाही ना?”

शेठ समोर बसले होते. मी म्हणालो, “नाही. तिला सांग, माझं काम चालू आहे.”

“बरं झालं,” निगोरा म्हणाली. “ऐकून तिला बरं वाटेल.”